नानांचं करवंदीचं कुंपण

नाना करवंद कधी अख्खं तोंडात टाकत नसत. आधी पुढच्या दातांनी ते अर्धं तोडायचं, आतला गर लाल आहे की पांढरा ते उजेडात धरून बघायचं, मग डोळे मिटून चावायचं. आवडलं तर बिया तळहातावर घेऊन कोटाच्या खिशातल्या तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकायच्या. नाही आवडलं तर 'थू'. बहुतेक वेळा 'थू'च. रेल्वेच्या मालधक्क्यावर उभा जन्म कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस करवंदांच्या बाबतीत इतका चोखंदळ का, हे पहिल्या वर्षी मला कळलं नाही.

साठ सालच्या आधी कधीतरी मी डहाणूला शाळामास्तर म्हणून आलो आणि आशागडच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. घर नवं, अंगण मोठं, आणि कुंपणाच्या नावाने बोंब. शेजाऱ्यांनी काटेरी तार ओढली होती. नानांना करवंदीचंच कुंपण हवं होतं. "तारेला काय लागतं मास्तर? गंज," असं ते म्हणत. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरली की ते विवळवेढ्याला जायचे, देवीला लांबूनच हात जोडायचे आणि पळसाच्या पानांवर करवंदांचे वाटे मांडून बसलेल्या बायकांपुढे उकिडवे बसायचे. एकीने माझ्यादेखत त्यांना झाडलं, "बाबा, चाखून चाखूनच पोट भरशील का रं? घ्यायची तं घे, नाय तं ऊठ." नाना निमूट उठले आणि पुढच्या वाट्यापुढे जाऊन बसले.

"उषासाठी चाललंय हे सगळं," नानांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, एकदा भाकरी थापता थापता मला सांगितलं. उषा ही त्यांची एकुलती मुलगी. बोटीवर मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका शिक्षकाशी तिने नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि ती तलासरीला राहायला गेली. नानांनी आरडाओरडा केला नाही, दार लावून घेतलं नाही. फक्त तिचं नाव घेणं सोडलं. जत्रेतून आणलेली करवंदं ती लहानपणी भिंतीकडे तोंड करून एकटीच खायची, कोणाला एक देत नसे. तसली करवंदं अंगणात धरली की तिला बोलवायचं, असं नानांनी मनाशी घेतलं होतं. ती बोलावण्याची वाट बघत होती आणि हे करवंदांची. तलासरी म्हणजे काही विलायत नव्हे. सकाळच्या एसटीने निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सहज पोचतो.

पण बी लावून करवंद फळायला चांगली तीन-चार वर्षं जातात, आणि गोड फळाच्या बीला गोडच येईल याचीही हमी नसते. एखाद्या झाडाला पहिली फळं धरली की नाना ती पिकेपर्यंत कसाबसा दम धरायचे, चाखायचे, तोंड वाकडं करायचे आणि कुदळ घ्यायचे. काट्यांनी हात ओरबाडून निघत. काकू ओट्यावरून म्हणायच्या, "अहो, राहू द्या ते. लोणचं घालीन."

"आंबट आहे. आंबट काय द्यायचं तिला?"

पाऊस लागला की त्या खड्ड्यात डबीतल्या नव्या बिया पडत. तोवर त्याच फटीतून बकऱ्या आत शिरून काकूंची भाजी फस्त करत. "बोलवा हो तिला. थकले मी आता," असं काकू म्हणत. नानांचं उत्तर ठरलेलं असे, "माल आपल्या वेळेला पोचतो." पण हल्ली ते म्हणताना त्यांचाच आवाज बसलेला असे. खरं सांगायचं तर मलाही त्या सगळ्याचा शीण येऊ लागला होता. दर वर्षी तीच जत्रा, तीच कुदळ, तीच फट. माणसाने स्वतःला दमवावं तरी किती?

पुढे माझी बदली तलासरीलाच झाली. खोली मी सोडली नव्हती, शनिवारी येत असे. त्या साली उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच फाटकाजवळच्या झाडाची करवंदं पिकली आणि गोड निघाली. नानांचा स्वतःच्या जिभेवर विश्वास बसेना. काकूंना चाखायला लावली, मला लावली. सोमवारी पहाटे पानांत बांधलेला पुडा माझ्या हातात देऊन म्हणाले, "तिला द्या. म्हणावं, झाडावर अजून आहेत."

उषाने पुडा सोडला, एक करवंद तोंडात टाकलं आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "ही तर गोड आहेत हो, मास्तर! मला आंबट आवडायची. मिठात घोळवून, दात आंबेपर्यंत खायची. नाना रागावतील म्हणून तर भिंतीकडे तोंड करायचे." उपटलेलं एकेक झाड मला आठवलं. मी कपाळाला हात लावून बसलो.

शनिवारी ती माझ्याबरोबरच एसटीत बसली. नाना फाटकाशी उभे होते. ती वाकून पाया पडली. नानांनी तिच्या ओंजळीत करवंदं ठेवली आणि ती चावेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मधल्या वर्षांत ते किती म्हातारे झाले होते, ते मला त्या दिवशी तिच्या नजरेत दिसलं.

"गोड आहेत, नाना," ती म्हणाली.

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. नानांचं तेवढ्याने भागेना. "पलीकडच्या दोन झाडांना यंदा पहिल्यांदाच धरलीत," त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं. "पिकली की बघतो. आंबट निघाली तर तीही काढून टाकतो."

उषाने त्यांचा ओरबाडलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "नाना, आता काही उपटू नका."

"बरं," नाना म्हणाले आणि तिथेच पायरीवर टेकले.

त्यानंतर ते तीन उन्हाळे जगले. ती दोन्ही झाडं आंबटढाण निघाली, पण नानांनी कुदळ हातात धरली नाही. उषाने त्यांना खरं काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. माहेरी आली की ती त्या झाडांशी उभी राहून खायची, आणि नाना ओट्यावरून काकुळतीने सांगायचे, "अगं, फाटकाजवळची खा, ती गोड आहेत." ती "हो नाना" म्हणायची आणि तिथेच उभी राहून खात राहायची.