चुन्याची वेल

अनंताच्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी महाडच्या एका हॉलमध्ये साखरपुड्याचे फोटो काढत होतो. मुलीकडच्या मंडळींना ओळीत उभं करून "जरा हसा की" म्हणत होतो आणि खिशातला फोन थांबायला तयार नव्हता. शेवटी वैतागून घेतला. "काका, बाबा गेले... चाकावरच बसले होते हो." एवढंच बोलला. मी फोन ठेवला आणि उरलेले फोटो काढले. अंगठी घालायची वेळ झालेली असताना फोटोग्राफरला रडता येत नाही. मग गाडी काढली आणि पोलादपूरच्या रस्त्याला लागलो.

अनंता माझा शाळेपासूनचा मित्र. घरचाच कुंभार, पण मुंबईला जाऊन कलाशाळेत सिरॅमिक शिकला, नाव कमावलं आणि ऐन उमेदीत सगळं गुंडाळून गावी परत आला. पोलादपूरच्या पुढं, आंबेनळी घाटाच्या वाटेवर त्यानं पत्र्याचा स्टुडिओ टाकला. गावातले म्हणाले, मडकीच घडवायची तर एवढं शिकला कशाला? मीही तेच म्हणालो, आणि जरा जास्तच कुचकटपणे. तो नुसता हसला. तो आला होता आईच्या वेलीसाठी. त्याची आई, बायजाकाकू, आमच्या खोऱ्यातल्या लग्नांचे घडे रंगवायची. गेरू फासलेल्या घड्यावर चुन्यात बुडवलेल्या बोटानं वेल काढायची. ही वेल तळापासून चढत गळ्याशी यायची आणि तिथं मुद्दाम अर्धी सोडलेली असायची. शेवटचं पान मुलीच्या सासरी फुटायचं असतं, असं काकू सांगायची. देवकाजवळचे घडे, करवलीच्या हातातला करा, सगळ्यांवर हीच वेल. लग्न उरकलं की घडे सावित्रीच्या काठावर नेऊन ठेवायचे. पावसाळ्यात ते आपोआप फुटायचे, मातीत जायचे. परत आल्यावर अनंतानं तिच्याकडं एक घडा आठवण म्हणून मागितला, तर काकू त्याच्यावरच उखडली. "ठेवून काय करू रे? ह्यो फुटायला नको काय? मग नवा कोनासाठी रंगवू?"

काकू गेली. अनंतानं ती वेल आपल्या झिलईच्या फुलदाण्यांवर, दिव्यांवर, भिंतीच्या टाइल्सवर घेतली. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. प्रदर्शनं भरली, मासिकांत लेख आले, वारसा आणि परंपरा या शब्दांचा नुसता पाऊस पडला. मी त्याला चिडवायचो, "तुझी वेल आता बंगल्याबंगल्यांत चढली रे!" तो म्हणायचा, "बंगल्यात चढली. लग्नात कुठं हाय, ते सांग." खोऱ्यातल्या लग्नांचे फोटो तर मीच काढत होतो. डेकोरेटरचा प्लास्टिकचा कलश, त्याला टिकल्या आणि सोनेरी लेस. आज इथल्या लग्नात, उद्या तिथल्या. मातीचा घडा मला कॅमेऱ्यातून दिसायचाच बंद झाला होता.

निखिलच्या लग्नात मात्र त्यानं सगळं आईसारखं केलं. शेणी रचून घडे भाजले, गेरू लावला, बोटानं वेल काढली. इतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता. करवली म्हणून त्याची पुतणी उभी राहिली, तिनं करा हातात घेतला आणि मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत तिच्या जांभळ्या पैठणीवर चुन्याचा पांढरा पट्टा उमटला. ती रडायलाच लागली. निखिल हळू आवाजात म्हणाला, "बाबा, प्लीज... कलश आहे ना त्यांच्याकडं." डेकोरेटरचा कलश आला. अनंताचा करा पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याशेजारी खुर्चीखाली गेला. अनंता पाहुण्यांशी हसून बोलत राहिला. निघताना मला म्हणाला, "लोकांचं काय चुकत नाय रे. चुना लागतोच."

त्यानंतर त्यानं एकच ध्यास घेतला. दिसायला अगदी आईचा घडा, पण चुना अंगाला लागायचा नाही. भट्टीमागून भट्टी बिघडली. त्याची बायको, सुमनवहिनी, मला फोन करून म्हणायची, "भावोजी, तुम्ही तरी सांगा, जेवणाचीसुद्धा शुद्ध नाही यांना." अखेर जमलं, पण चुना सुटू नये म्हणून माती दगडासारखी कडक भाजावी लागली. तो घडा पाहून माझा डोळाही फसला. तीच खरबरीत माती, तीच वेल, गळ्याशी अर्धी सोडलेली. मी खूश होऊन त्याची पाठ थोपटली, तर हा खाली मान घालून बसलेला. "जमलं, पण हा फुटनार नाय रे आता," म्हणाला. "नदीवर ठेवला तर तसाच ऱ्हाईल. आईनं असलं कायतरी केलं असतं काय?" ...आणि इतकं करूनही एका लग्नानं तो घडा मागितला नाही. एकानंसुद्धा! मी दोन-चार यजमानांकडं विषय काढून पाहिला. डेकोरेटरच्या कॅटलॉगमधला कलशच बरा दिसतो, म्हणाले. घडे फळीवर बसून राहिले.

मी पोहोचलो तेव्हा अंगणात मडक्यावरूनच बोलणं चाललं होतं. कुणीतरी बाजारातून आणायला निघालं होतं. त्याच्या थोरल्या भावानं अडवलं. "कुंभाराच्या घरात मयताला मडकं इकत आनायचं? लाज हाय काय आपल्याला?" आतून एक मडकं आणलं गेलं. कुणी नीट पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

स्मशानात निखिलनं पाण्यानं भरलेलं ते मडकं खांद्यावर घेतलं आणि चितेभोवती फिरू लागला. भोक पाडायला चुलत्यानं दगड मारला. टण्ण! पुन्हा मारला. पाण्याचा थेंब आला नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. निखिलनं तसेच फेरे पुरे केले आणि मडकं मागं टाकलं. ते गवतावर पडलं, गडगडलं आणि चितेच्या कडेला जाऊन थांबलं. अखंड. सगळं पाणी तोंडातून वाहून गेलं. मग दोघाचौघांनी दगड उचलले. अनंताच्या हातचा घडा त्याच्याच देहासमोर दगडांनी ठेचत होते आणि तो फुटत नव्हता. खरं सांगतो, मला अनंताचा भयंकर राग आला. "राहू दे!" निखिल ओरडला. "राहू दे त्यांचं ते!"

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. परवा गावातल्या दुसऱ्या एका मयताला मी पुन्हा त्याच स्मशानात गेलो. घडा तिथंच होता, चितेवरच्या पत्र्याच्या शेडच्या खांबाला टेकवून ठेवलेला. स्मशानात आलेलं भांडं घरी नेता येत नाही आणि हे तर फोडताही येत नाही, म्हणून कुणीतरी त्यात पाणी भरून ठेवलं होतं. अग्नी दिल्यावर लोक एकेक करून वाकले, ओंजळीत पाणी घेतलं, पाय धुतले. वेलीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आता गावातलं माणूस गेलं की सगळ्यांचे हात त्याच घड्याला लागणार... माझी पाळी आली. मीही वाकलो, पाणी घेतलं आणि घडा पुढच्या माणसासाठी सरळ करून ठेवला.