टाकीमागच्या वळणाचा पत्ता

पोस्टमनकाका निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी कुणाचं घर सापडेना झालं की लोक त्यांच्याच दारावर टकटक करायचे. काकाही असे, की "पुढे जाऊन डावीकडे" एवढ्यावर भागवणार नाहीत. "निळं फाटक सोडा. मग एका बाजूलाच कठडा असलेला जिना लागेल, तोही सोडा. त्यापुढे ज्या खिडकीत कायम मांजर बसलेलं असतं, तिच्या वरचा मजला." एवढं सांगूनही समाधान झालं नाही तर चपला घालून स्वतःच बरोबर निघायचे. छत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, प्रत्येक गोष्ट जिथली तिथे पोचवणं. याच चांगल्या गुणापायी हा माणूस गोत्यात आला, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने फार वाईट गेले. सकाळी सहाला जाग यायची आणि जायला कुठे नाही. घरात ते इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी बायको वैतागली. "अहो, दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडून काय बघता? पत्र येणार आहे का त्यातून?"

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सिस्टर राहायच्या. मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं नोकरी करून, वॉर्डाच्या मुख्य नर्स म्हणून त्या बाहेर पडल्या होत्या. एकट्याच. बोलणं मोजकं, पाठ ताठ, नाकावर माशी बसू देत नसत. एका रविवारी पहाटे काका दूध आणायला निघाले, तर सिस्टर जिन्यातून उतरताना दिसल्या. एका खांद्यावर गळाची काठी, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल.

काका बघतच राहिले. त्या बघण्यात काय होतं कुणास ठाऊक, पण सिस्टर थांबल्या. "यायचंय का?"

"येतो की!" काकांनी दुधासाठी घेतलेली रिकामी पिशवी तिथेच उभ्या असलेल्या सायकलच्या हँडलला अडकवली.

"एक अट आहे. तिथे बोलायचं नाही."

तिथे म्हणजे कुठे, ते आता सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. जुन्या पाण्याच्या टाकीमागे नदी एक वळण घेते. तिथे झाडं पाण्यावर वाकलेली आहेत आणि दोन माणसं बसतील एवढाच सपाट काठ आहे. सिस्टर अकरा वर्षं तिथे येत होत्या. गळ कसा बांधायचा, कणकेचा गोळा किती मऊ हवा, पाण्यावरचं बूच नुसतं डुलतंय की मासा तोंड लावतोय हे कसं ओळखायचं, सगळं त्यांनी खुणांनीच शिकवलं. परत येताना रस्त्यात मात्र एकदा आपणहून बोलल्या. "एकतीस वर्षं दर दोन मिनिटांनी कुणीतरी हाक मारायचं. सिस्टर, सिस्टर, सिस्टर. माणसं आजारी असायची, त्यांचं चुकलं नाही. पण आठवड्यातून तीन तास मला कुणाची हाक नको."

काकांनी मान डोलावली. त्यांना ते समजलं होतं. निदान त्यांना तसं वाटलं होतं.

चार महिने काकांच्या गळाला शेवाळाशिवाय काही लागलं नाही. पाचव्या महिन्यात मासा लागला, तळहातापेक्षा थोडा मोठा. आनंद असा, की घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. आता ही बातमी पोटात ठेवायची कशी? कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने त्यांना मागेच एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. गळ टाकणाऱ्या सव्वादोनशे लोकांचा ग्रुप, आणि चावीवाला त्याचा अॅडमिन. कुणाला काय मिळालं, ते रविवारी संध्याकाळी तिथे कळवायचं. आत शिरताना नियम वाचल्याची खूण करावी लागे. पावसात भिजून शाई पसरलेले पत्ते ज्याने छत्तीस वर्षं वाचले, त्या माणसाने ते नियम न वाचताच खूण करून टाकली.

मग काकांनी आयुष्यातला पहिला रिपोर्ट लिहिला. मासा एका ओळीत आटोपला आणि जागा अकरा ओळींत सांगितली. टाकीच्या मागचं गंजलेलं दार, तिथून कुंपणाची पडलेली बाजू, मग बेचाळीस पावलं, मग दोन खोडांचं झाड, चिखल टाळायचा तर डावीकडून. खाली लिहिलं, "चुकल्यास फोन करावा."

कुणीच चुकलं नाही. पत्ता पोस्टमनने लिहिलेला होता.

पुढच्या रविवारी दोघं पोचले तर काठावर तेवीस माणसं. कुणी खुर्च्या आणल्या होत्या, कुणी गाणी लावली होती, एकाने मेहुण्यालाही आणलं होतं. काकांना बघताच जयघोष झाला. "आले, आले! काका, काय पत्ता सांगितलात!" सिस्टर स्टूल हातात धरून उभ्या होत्या. त्यांच्या जागेवर बरणीवाला बसला होता. बरणीवाला म्हणजे तो गांडुळांची बरणी कायम काखेत घेऊन फिरणारा. आणि मग सुरू झालं. "सिस्टर, इथे कशावर लागतात हो?" "सिस्टर, जरा सरकता का?" "अहो सिस्टर, या मेहुण्याच्या बोटात गळ घुसलाय, बघा ना!"

सिस्टरांनी स्टूल खाली ठेवलं, मेहुण्याच्या बोटातला गळ दोन मिनिटांत काढला, जखम धुतली, रुमाल बांधला. मग स्टूल उचललं आणि निघून गेल्या. काकांना एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी चारचौघांत झाडलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

काका तडक चावीवाल्याकडे गेले. तो कानशीने चावी घासत होता. "काका, नियम वाचले होते का?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन पुढे केला. किती तास बसलात आणि आमिष काय होतं ते सांगा, पुढच्याला उपयोग होतो. वजन काट्यावरचं सांगा, डोळ्यांनी केलेलं नको. फोटोत दुसरं कुणी असेल तर आधी विचारा. मिळालं नाही तर तेही कळवा. आणि दुसऱ्याने दाखवलेली जागा कधीही, कुणालाही सांगू नका.

"मी लोकांच्या कुलपांच्या चाव्या करतो," चावीवाला म्हणाला. "कुणाचं कपाट कुठे आहे ते सांगत सुटलो तर कोण येईल माझ्याकडे?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिपोर्ट काढून टाकला, पण तो कधीच शंभर ठिकाणी गेला होता. संध्याकाळी ते सिस्टरांच्या दारात उभे राहिले.

"चुकलो," म्हणाले. "वाचलं नव्हतं मी."

"वाचायला कशाला हवं होतं? मी सांगितलं होतं ना तुम्हाला, तिथे का जाते ते." सिस्टर रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "राग असता तर दोन दिवसांत गेला असता, पोस्टमन. पण रविवारी आता मी जाऊ कुठे?"

काका परत आले आणि जेवले नाहीत. बायकोने उपाय सुचवला. "ग्रुपवर लिहा, पाण्यात साप निघाला म्हणून. एक जण फिरकायचा नाही."

"खोटं?" काकांनी कानावर हात ठेवले. "जन्मात कधी चुकीच्या दारात पत्र टाकलं नाही मी."

"मग खरं लिहा," बायको ताट उचलत म्हणाली. "सगळं खरं लिहा."

बायको हे वैतागून बोलली होती, पण काका तिच्याकडे बघत राहिले. ग्रुपवर तर फक्त मिळालेले मासे दिसत. वीस जण रिकाम्या हाताने घरी जात आणि मूग गिळून बसत. एकाला मासा मिळे, तो फोटो टाकी, आणि बघणाऱ्याला वाटे, वळणावर मासे उड्या मारतायत!

पुढच्या रविवारपासून काका वही घेऊन वळणावर बसू लागले. गळ टाकायचा, मोजायचं आणि संध्याकाळी कळवायचं. त्या संध्याकाळचा रिपोर्ट असा: "आज माणसं सव्वीस. मासा एक, काट्यावर दोनशे ग्रॅम. फोटो तीन, कारण तोच मासा तिघांनी हातात धरला. एकमेकांत अडकलेले दोरे नऊ. पाण्यात पडलेले गृहस्थ एक, सुखरूप." कुणाचं नाव नाही, कुणाची टिंगल नाही, एक आकडा चुकीचा नाही. मग कुणीतरी हसल्याची खूण टाकली, मग दुसऱ्याने, आणि रात्रीपर्यंत सव्वादोनशे लोक पोट धरून हसत होते.

ज्यांचे फोटो होते ते तिघं सोडून. बरणीवाल्याने फोन केला. "काका, अब्रू काढता की काय आमची?"

"तुमचं नाव कुठे लिहिलंय?" काका म्हणाले. "मी स्वतःही त्या सव्वीसात आहे. मलाही काही मिळालं नाही."

दुसऱ्या रविवारी माणसं एकोणीस, मासे शून्य, चिखलात रुतलेली चप्पल एक, डावी. तिसऱ्या रविवारी चौदा. पाचव्या रविवारी गाणीवाला आलाच नाही. गंमत म्हणजे इतरांनाही आता खरं लिहायची चटक लागली. "चार तास, कणीक, काही नाही, पण ऊन छान होतं," असं कुणीतरी लिहिलं. बरणीवाल्याने तर कमालच केली. "सहा तास. गांडुळं चाळीस. मासे शून्य. गांडुळं परत बागेत सोडली." त्याला जेवढे अंगठे मिळाले, तेवढे त्याच्या कुठल्याच माशाला मिळाले नव्हते. नवव्या रविवारी वळणावर काका एकटेच होते. त्यांनी तेही कळवलं. "माणसं एक. मासे शून्य."

सिस्टरांची खिडकी मात्र बंदच असायची. जागा मोकळी झाली होती, पण ती सिस्टरांना द्यायची कशी, हे काकांना कळत नव्हतं. दार वाजवायला हात उचलत नव्हता.

दहाव्या रविवारी काका वळणावर पोचले तर दोन खोडांच्या झाडाखाली सिस्टर उभ्या. काठी खांद्यावर, स्टूल हातात. काकांचा जीव भांड्यात पडला. लगबगीने त्यांनी आपलं सामान बाजूला घेतलं.

"बसा, सिस्टर. कुणी येत नाही आता."

"एखाद्याला मोठा मासा मिळू दे, परत येतील तेवीस," सिस्टर म्हणाल्या. "ही जागा आता सगळ्यांची. असू दे. उचला तुमची काठी, चला."

"कुठे?"

"नऊ रविवार वाचतेय मी तुम्हाला. ग्रुपमध्ये आहे मी, बोलत नाही एवढंच. एवढे आकडे लिहिलेत, एकही खोटा नव्हता. आणि माझा उल्लेख एकदाही आला नाही. चला आता."

दोघं किती वेळ चालले आणि कुठल्या बाजूला, ते मला विचारू नका, काकांनी मलाही सांगितलेलं नाही. पाणी खोल होतं आणि काठावर गवत होतं, एवढंच कळलं. दोघं बसले. तास गेला, दीड तास गेला. आणि काकांचं बूच डुललं नाही, थरथरलं नाही, सरळ नाहीसं झालं. काठी कमानीसारखी वाकली. काका उठून उभे राहिले, दोन्ही पाय रोवले, ओठ असे घट्ट मिटले की गाल लाल झाले. ओरडावंसं इतकं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. मासा उजवीकडे पळाला, काका त्याच्याबरोबर तिरके तिरके पळाले.

"ओढू नका!" कोण किंचाळलं म्हणून काकांनी मान वळवली, तर सिस्टर. स्टूल उलटं पडलं होतं आणि त्या गुडघाभर पाण्यात होत्या. "सैल सोडा! सोडा हो, सैल! आता ओढा! आला, आला, आला बघा!" त्यांनी दांड्याची जाळी माशाखाली घातली आणि मासा वर उचलून एवढ्या जोरात हसल्या, की पलीकडच्या काठावरचे पक्षी उडाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एवढा आवाज वॉर्डाने ऐकला नसेल. आपणच ओरडलो हे ध्यानात येताच त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि मग दोघंही लहान मुलांसारखी हसत सुटली.

काट्यावर साडेचार किलो भरला. काकांनी फोटो काढला आणि मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर तिथेच थांबला आणि मग गेला.

संध्याकाळी काकांनी रिपोर्ट लिहिला: तास तीन, आमिष कणीक, मासा एक, साडेचार किलो, सोडून दिला. जागेबद्दल काहीच लिहिलं नाही. मग फोटो मोठा करून कोपरे तपासले. झाड नाही, काठ नाही, फक्त पाणी, काकांचे ओले हात आणि मासा. पण खालच्या बाजूला, माशाच्या शेपटीपाशी, एक लांब सावली पडलेली होती. हातात जाळी, पाठ ताठ.

काकांनी तो फोटो आधी सिस्टरांना पाठवला. "सावली कापून टाकतो आणि मग ग्रुपवर देतो. चालेल ना?"

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि आत दिवा लागलेला होता. पाच मिनिटं गेली. बायको जेवायला हाका मारत होती, काका फोनवरची नजर हलवायला तयार नव्हते. मग उत्तर आलं.

"कापू नका. राहू दे मला तिथे. आणि पुढच्या रविवारी साडेपाचला खाली या."