सरवा वेचणारी

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी कवठे महांकाळला मास्तर होतो. शाळेमागच्या रानात भुईमूग काढून झाला, की एक म्हातारी मातीत राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचायला येई. त्यावरच तिची चूल पेटायची. ती खुरप्यानं माती उकरे, बोटांनी चाळे आणि मिळालेली शेंग पदराला पुसून ओच्यात टाके. बहुतेक वेळा नुसतीच माती निघे.

एकदा मी विचारलं, “आजी, कंटाळा येत नाही?”

“दर खेपंला घावली असती तर आला असता,” ती म्हणाली. “कुठं घावंल ते ठावं न्हाई, म्हनून हात थांबत न्हाई बगा.”

गंमत म्हणून मीही शेजारी बसलो. एक शेंग मिळाली. मग बराच वेळ काहीच नाही.

“आवं मास्तर, शाळंची घंटा झाली.”

“एवढं एक उकरतो, आजी,” मी म्हणालो.