मोठ्या डिस्कवरची अंधुक आवणी

आमच्या भोरच्या घरात टीव्हीखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. लिनक्सवर चालतो. सिनेमे, मालिका, घरचे व्हिडिओ सगळं त्याच्या पोटात. ज्याला जे हवं ते टीव्हीवर लागतं. यंदा त्यात दोन मोठ्या हार्ड डिस्क बसवल्या. दोन, कारण दोन्हींवर तेच राहतं. एक गेली तरी दुसरी असते. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यांवर उतरायला अख्खा दिवस लागणार होता. गुरुवारी लाईट जाते म्हणून मी शुक्रवार धरला. इतका मी सावध माणूस.

"एवढी जागा?" बायको म्हणाली. "आता तरी काही पुसू नका."

ती सहज बोलली, मला लागलं. कारण मी पुसलं होतं. जुनी डिस्क भरली तेव्हा मला क्रिकेटच्या जुन्या मॅचेस ठेवायच्या होत्या. त्यासाठी घरचे व्हिडिओ दाबून बारीक केले आणि मूळ फाइली उडवल्या. त्यात उत्रोलीच्या आमच्या खाचरातली भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी होती. वडील गुडघाभर चिखलात, मी कॅमेरा घेऊन बांधावर, आणि ते ओरडतायत, "त्ये ठिव खाली आन् रोपं आन!" वडिलांचा हलताबोलता व्हिडिओ एवढाच. ते गेल्यापासून आई दर रविवारी तो लावायला सांगते.

बारीक केल्यावर वडिलांचा चेहरा पिठल्यासारखा झाला. आई म्हणाली, "डोळं गेलं वाटतं माजं." मी म्हणालो, "वय झालं आता." बस. गप्प राहण्यात मी पटाईत.

पुढे तिला खरंच मोतीबिंदू निघाला, तेव्हा तर मी सुटलोच असं वाटलं. ऑपरेशन झालं. डिस्क बसवल्या त्याच आठवड्यात पट्टी निघाली. रविवारी मी आवणी लावली.

आईनं एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी वाचली. माझ्या शर्टाचं सुटलेलं बटण दाखवलं. पुन्हा टीव्हीकडे वळली.

"समदं लख्ख दिसतंय, ह्येच तेवढं दिसत न्हाईत. डाक्टरनं भिंग उलटं बसवलं का काय? उद्या चल बाबा, परत काढून घिऊ."

ती दवाखान्याची फाइल काढायला उठली. मग मात्र मी बोललो. सगळं. मॅचेससकट.

"म्हंजी डोळं बरं हायेत माजं?"

"व्हय."

"आन् तू मला आंधळी करून बसवलंस व्हय रं!"

"आता जागा आहे, आई. पण गेलेलं परत येत नाही."

तिनं खुर्ची टीव्हीजवळ ओढली. मग म्हणाली, "लाव परत. आवाज वाढीव."

त्या पुसट चिखलातून वडील खणखणीत ओरडले, "रोपं आन!"

आईनं माझ्याकडे नव्या डोळ्यांनी पाहिलं. "तवा तरी आनली हुतीस का?"

नव्हती आणली. तेही सांगून टाकलं.