रंगाऱ्याचे रांजण

या रंगाऱ्याची आणि माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. आम्ही दोघेही उतारवयात अक्षरे गिरवायला बसलो होतो आणि एका पाटीवर दोघांचे काम चाले. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असत, त्यामुळे खडू त्याच्याकडून माझ्याकडे आला की थोडा निळा होऊन येई. बाईंनी ओळखीच्या एखाद्या माणसाची हकीकत लिहायला सांगितली, तेव्हा मला दुसरे कोणी सुचले नाही. पुढील सर्व मजकूर त्यानेच मला वेळोवेळी सांगितलेला आहे.

रंगारी स्वभावाने भित्रा होता, आणि हे तो स्वतःच सांगत असे. कुत्रे भुंकले तर तो रस्ता बदली. कचेरीत कारकून मोठ्याने बोलला तर काम न करताच घरी परत येई. निर्भय असा तो फक्त आपल्या अंगणात असे. तेथे निळीचे तीन रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. निळीचे पाणी रांजणात असते तेव्हा निळे नसते, पिवळट हिरवे असते. कापड त्यात बुडवून बाहेर काढले आणि वारा लागला, की ते डोळ्यांदेखत निळे होत जाते. हे रांजण त्याच्या वडिलांनी लावलेले होते. त्यांतले पाणी कधीही पूर्ण उपसले गेले नव्हते, कारण जुन्या पाण्यावरच नवी नीळ धरते.

देशात संसदेची पहिली निवडणूक आली, त्या वर्षीची ही गोष्ट आहे. गावात निरनिराळ्या धर्मांचे लोक राहत होते आणि एकमेकांच्या गल्लीतून जाताना लोक पावले उचलून चालत. थोड्याच वर्षांपूर्वी आगी लागल्या होत्या, त्यांचा काळेपणा अजून भिंतींवर होता. रंगाऱ्याच्या धर्माच्या लोकांत लाकडाच्या वखारवाल्याचा शब्द चाले. त्याने जाहीर केले की, या निवडणुकीत आपल्यातला कोणीही मत देणार नाही. ज्याच्या बोटावर शाई दिसेल, त्याच्या घराची जबाबदारी कोणावर नाही. त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ कोणीही विचारला नाही.

रंगाऱ्याला हा हुकूम ऐकून बरेच वाटले. मत न देणे त्याला सहज जमण्यासारखे होते. परंतु त्याची म्हातारी आई ऐकेना.

"नावं लिहायला साहेब आला होता ना, त्यानं मला नाव विचारलं," ती म्हणाली. "कोणाची आई, कोणाची बायको, असं नाही. माझं नाव. मी त्याला येते म्हणून सांगितलंय."

"आई, तो साहेब तुला विसरला पण असेल गं."

"तो विसरला असेल. मी नाही विसरले."

"अहो, न्या त्यांना," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "नाहीतर त्या एकट्या निघतील, आणि मग सगळ्या गल्लीला दिसतील."

अखेर रंगाऱ्याने आईला हातगाडीवर बसवले आणि वरून कोऱ्या कापडाचे तागे पसरले. माल पोहोचवायला निघालो आहोत, असा त्याने आव आणला. वखारीसमोरून जाताना त्याने चाल वाढवली, आणि नेमके तेव्हाच कापडाखालून आवाज आला, "अरे, हळू! हाडं खिळखिळी झाली माझी."

"आई, ताग्यांना हाडं नसतात. गप्प बस."

मतदान शाळेत होते. आई आत गेली तेव्हा रंगारी दाराशी भिंतीला चिकटून उभा राहिला. टेबलामागच्या साहेबाने चष्म्यावरून पाहिले आणि विचारले, "तुमचं नाव?" पोलीस बाजूला उभा होता. साहेबाला नाही म्हणण्याची हिंमत रंगाऱ्याला होईना. त्याने नाव सांगितले, यादीत ते निघाले, आणि शाईवाल्याने त्याचा हात धरला.

"अहो, इथं लावायला जागा कुठाय?" तो हसून म्हणाला. बोटे नखांसकट निळी होती.

"कुठंही लावा साहेब," रंगारी म्हणाला, "पण लवकर लावा."

अशा रीतीने ज्याला वखारवाल्याची भीती वाटत होती, त्याने साहेबाच्या भीतीने मत दिले.

त्याच्या हातावर काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आईच्या बोटावरचा काळा ठिपका मात्र लांबूनही दिसे. बायकोने ते बोट निळीत बुडवू म्हटले, तर आईने हात पदराखाली घेतला. तिने दारात येऊ नये म्हणून रंगारी दिवसभर दाराशी बसू लागला. गल्लीत कोणी खोकले तरी तो कडी लावून घेई. तरीही शेजारच्या काकूंना आईने खिडकीतून बोट दाखवलेच. काकूंच्या पोटात काही राहत नसे.

एका दुपारी वखारवाला आपली चार माणसे घेऊन अंगणात आला. माणसांच्या हातात लाकडे फोडण्याच्या कुऱ्हाडी होत्या.

"हात बघू, रंगारीभाऊ."

रंगाऱ्याने हात पुढे केले. वखारवाल्याने ते उलटेसुलटे करून पाहिले आणि सोडून दिले. "याच्या हातावरून देवालाही काही कळायचं नाही. तोंडानंच सांग. गेला होतास?"

"नाही शेठ. मी कशाला जातोय?"

"खोटं बोलू नकोस रे!" आतून आईचा आवाज आला. "मग मला काय वाऱ्यानं उडवून नेलं?"

वखारवाल्याने मान हलवली आणि कुऱ्हाडी रांजणांवर पडल्या. त्यांनी रांजण गळ्याशी फोडले, भोवतीची माती उकरली, बुडेही फोडली. पिवळट पाणी अंगणभर पसरले आणि वहाणांतून त्यांच्या पायांवर चढले. वडिलांचे पाणी वाहून जात होते. तशाही स्थितीत रंगाऱ्याच्या तोंडून सवयीने शब्द गेले, "शेठ, पाय धुवून घ्या. आत्ताच धुवा, मी पाणी देतो."

त्यांना वाटले, तो पाया पडतो आहे. एकाने त्याला ढकलले. जाताना वखारवाला जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "उद्या सभा आहे. तिथं सांगायचं, की त्या लोकांनी येऊन फोडले. तेवढं बोललास तर तुझं मत मी विसरलो. नाही बोललास तर छपराला गवत आहे, लक्षात ठेव."

'ते लोक' म्हणजे ज्यांच्या गल्लीतल्या शाळेत मतदान झाले होते, ते. रंगारी भित्रा होता, पण खुळा नव्हता. तो एवढे वाक्य बोलला, तर सभेतूनच माणसे काठ्या घेऊन त्या गल्लीत जातील, हे त्याला स्वच्छ दिसत होते. बायकोने विचारले, "काय बोलणार तुम्ही?" त्याला खरोखरच माहीत नव्हते.

सभागृहात सतरंजी अंथरली होती आणि सर्वांनी पादत्राणे बाहेर काढली होती. गर्दी मोठी होती, आणि काही तरुण काठ्या घेऊनच आले होते. समोर वृद्ध धर्मगुरू बसले होते. वखारवाला त्यांच्या शेजारी बसला होता आणि त्याची चार माणसे भिंतीशी उभी होती. उन्हाळ्याचे दिवस असूनही त्या पाचही जणांच्या पायांत मोजे होते.

"बोल, रंगाऱ्या," धर्मगुरू म्हणाले. "तुझे रांजण कोणी फोडले?"

रंगारी उभा राहिला. 'त्या लोकांनी' हे शब्द जिभेवर आले आणि तेथेच अडकले. 'यांनी' हा शब्द तर जिभेपर्यंतही येईना. कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य त्याला जन्मात झाले नव्हते, म्हणून त्याने नजर खाली टाकली. खाली त्याला मोजे दिसले. एका मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आला होता, आणि तो अंगठा निळा होता.

त्याने नजर काढून घ्यायला हवी होती. पण भीतीने ती तेथेच खिळली. तो काय पाहतो आहे, म्हणून धर्मगुरूंनी पाहिले. मग पुढच्या रांगेने पाहिले.

"काय रे," मागून कोणी म्हणाले, "घरी चूल पेटवायची सोय नाही का, एवढी थंडी वाजते?"

सभेत हसू फुटले. वखारवाल्याने पाय मांडीखाली ओढले. धर्मगुरू हसले नाहीत.

"मोजे काढा," ते म्हणाले.

कोणी हलले नाही. त्यांनी पुन्हा तेच सांगितले, तेवढ्याच आवाजात. मग भिंतीशी उभ्या असलेल्यांपैकी एकाने काढले, आणि मग बाकीच्यांनी. विटेच्या तुकड्याने घासून घासून पायांची सालटी निघाली होती, तरी ते घोट्यापर्यंत निळे होते. वखारवाल्याने सर्वांत शेवटी काढले.

"काठ्या घेऊन आलेल्यांनी घरी जावे," धर्मगुरू म्हणाले. "त्या लोकांना आपल्या रंगाऱ्याच्या अंगणाची वाट माहीत नाही."

त्या दिवशी कोणाच्याही गल्लीत आग लागली नाही. वखारवाल्याचे पाय बरेच दिवस निळे राहिले, आणि निळ्या पायांच्या माणसाला रंगाऱ्याचे छप्पर पेटवणे सोयीचे नव्हते. परंतु रंगारी धीट झाला, असे मी लिहिले तर ते असत्य होईल. तो महिनोन् महिने छपराखाली पाण्याच्या बादल्या भरून ठेवी. मत दिल्याचे कळल्यावर पुष्कळ घरांनी त्याला कापड देणे थांबवले होते, ती हळूहळू परत आली. नवे रांजण त्याने लावले, पण जुन्या पाण्यासारखा रंग पुन्हा धरला नाही, असे तो म्हणे. आई वारली, तेव्हा तिच्या बोटावरचा ठिपका नखाबरोबर वाढून केव्हाच कापला गेला होता.

आमच्या वर्गात एकदा बाईंनी निवडणुकीचा धडा शिकवला. पुढची निवडणूक तेव्हा जवळ आली होती. घरी जाताना रंगारी माझ्या बाजूने चालत होता. वळणावर आल्यावर त्याने मला विचारले, "तुम्ही मत द्यायला जाल ना, तेव्हा जाता जाता मला हाक मारा. मला एकट्यानं जायची भीती वाटते."