आधी पडून बघा

नवीन जालन्यातल्या सायबर कॅफेत माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या कारकुनाचं नाव मी कधी विचारलंच नाही. नुसतं लिहून लढायच्या ऑनलाइन खेळात तो सरदार होता. ‘तलवार उपसली’ असं लिहिण्याआधी उठून छत्री उपसायचा. अख्खा कॅफे खाली वाकायचा!

एकदा मी लिहिलं, ‘माझा शिपाई मेला.’ तो कळवळला.

“असा कुणी मरतो का भाऊ? बिलकुल न्हाई! आधी पडून बघा, मंग लिहा.”

मी धाडकन पडलो. मालक पाणी घेऊन धावला. कारकुनानं त्याला अडवलं.

“थांबा, मरून राह्यले ते!”

उठून मी लिहिलं, ‘पडताना शिपायाची एक चप्पल उडाली.’ कुठकुठल्या देशांतले खेळाडू त्या चपलेसाठी हळहळले.

कारकून मात्र टेबलाखाली शिरून माझी चप्पल हुडकत होता.