कंट्रोलर आत्याची ड्युटी

आमच्या आत्याला घरात सगळे कंट्रोलर म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. एकतीस वर्षं तिनं बसडेपोत गाड्या सोडल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठला ड्रायव्हर आजारी, त्याच्या जागी कोण, सगळं तिच्या चार्टवर. रिटायर झाली तरी खोड गेली नाही.

आई-बाबांच्या स्कूटरला टेम्पोनं ठोकलं, त्या दुपारी मी हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून नुसती रडत होते. दोघंही आयसीयूत, बाबांच्या घशात नळी. आत्या आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रडून घे दहा मिनिटं. मग पेन्सिल दे." पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारायला लागली. पट्टी! अपघाताचं ऐकून घरातून धावत निघालेला माणूस पट्टी बरोबर घेतो का? आमची आत्या घेते.

भेटायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच. एका पेशंटपाशी एक माणूस, पाच मिनिटं. मी, माझा धाकटा भाऊ, आमचे हे आणि मावशी, सगळ्यांच्या ड्युट्या लागल्या. आत कोण, औषधं आणायला कोण, घरी झोपायला कोण. दुसऱ्या दिवशी धाकटा सात मिनिटं उशिरा आला, तर आत्या म्हणते, "तुझी गाडी सुटली. आता पाचला बघू." आणि खरंच सोडलं नाही हो त्याला आत! मी पाच मिनिटांच्या वर रेंगाळले की बाहेरून काचेवर टकटक. असा राग यायचा! पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, आपण सगळे वेळेवर जेवतोय, झोपतोय, कुणी कुणावर खेकसत नाहीये.

आणखीही एक लक्षात आलं. चार्टवर आत्याचं नावच नव्हतं. दिवसभर बाकावर बसून असायची, पण आत एकदाही गेली नव्हती.

कारण मला माहीत होतं. आत्या रिटायर झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात बाबांनी भाषण ठोकलं होतं. बाबांना टाळ्या फार आवडतात. "ताईनं सगळ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या," म्हणाले, "स्वतःची तेवढी चुकली." आत्यानं लग्न केलं नव्हतं. सगळा हॉल हसला. आत्या फुलांचा गुच्छ खुर्चीवर ठेवून जी निघून गेली, त्याला चार वर्षं झाली. आईशी फोनवर तासन् तास गप्पा, बाबांशी अवाक्षर नाही. बाबाही हटून बसलेले. म्हणे, गंमत केली, त्यात माफी कसली मागायची?

"तू का नाही जात आत?" मी विचारलं.

"मला बघून त्याचं प्रेशर चढलं तर?" आत्या पट्टी पुसत म्हणाली. "बरा होऊ दे आधी. इथून काचेतून पाय दिसतात त्याचे. तेवढं पुरे."

मला गलबलून आलं. आणि संतापही आला, दोघांचाही.

पाचव्या दिवशी आई नीट बोलायला लागली. पहिलं वाक्य काय, तर "गॅस बंद केला होता का?" सहाव्या दिवशी बाबांची नळी निघाली. संध्याकाळी त्यांच्याकडे जायची पाळी माझी होती. मनाचा हिय्या केला, आत्या औषधांच्या दुकानात गेलीय असं बघून भिंतीवरचा चार्ट काढला आणि आत नेला.

"बघा, तुमच्या बहिणीनं आमचं काय करून ठेवलंय!"

बाबांनी चार्ट वाचला. एकेका ओळीवर बोट फिरवत, वरून खाली, मग खालून वर. शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ताई कुठाय?"

"बाहेर. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी पेन्सिलीसाठी हात पुढे केला. उद्या सकाळी अकराच्या रकान्यातलं माझं नाव खोडलं. खूप वेळ लागला. शेजारी वेडंवाकडं लिहिलं, ताई.

बाहेर आत्या तयारच होती. "चार्टला कुणी हात लावला? आणि ही खाडाखोड? तुला शंभरदा सांगितलं—" तिथंच तिचा आवाज थांबला. अक्षर तिनं ओळखलं. लहानपणी पाटीवर बाबांचा हात धरून अक्षरं तिनंच गिरवून घेतली होती. ती बाकावर बसली आणि बराच वेळ कागद मांडीवर धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना उठली. केस सारखे केले, चष्मा पुसला. "चार्टवर नाव लागलं म्हणजे जायलाच हवं," असं मलाच सुनावलं आणि आत गेली.

बरोबर पाच मिनिटांनी बाहेर आली. डोळे लाल झालेले.

"काय म्हणाले बाबा?"

"चुकलं म्हणाला. मी म्हटलं, बोलू नकोस, घसा दुखेल."

मग तिनं पट्टी आणि पेन्सिल काढली. संध्याकाळी पाचच्या रकान्यातलं माझं नाव सरळ रेघेनं खोडलं आणि आपलं लिहिलं. मग उद्या सकाळचं. मग उद्या संध्याकाळचं.

"अगं, आणि मी?"

"तू आईकडे बघ," आत्या म्हणाली. "त्याच्याकडे मी आहे."